म्युनिकहून २४ जणांना घेऊन हालश्टाटला एका दिवसात जाऊन येता येईल का?

प्रश्न असा आहे: म्युनिकच्या मराठी मंडळातल्या २४ जणांना ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे तळ्याकाठचं गाव दाखवायचं आहे. त्यात भारतातून आलेले काही आईवडील आहेत, पाच-सहा लहान मुलं आहेत. बस करायची असं ठरलंय, पण दिवस कसा आखायचा ते सुचत नाही.

येईल, नीट येईल. फक्त आखणी सकाळकडून संध्याकाळकडे करू नका, उलट करा. बसचालकाचा दिवस किती वाजता संपायला हवा ते आधी पाहा आणि तिथून मागे मोजत या.

युरोपातल्या नियमाप्रमाणे चालकाला २४ तासांत सलग ११ तास विश्रांती मिळावी लागते. म्हणजे त्याच्या हातात साधारण १३ तास उरतात. नियमात थोडी सवलत आहे, पण ती आठवड्यात ठरावीक वेळाच वापरता येते, तेव्हा तिच्या भरवशावर बेत करू नका. शिवाय हे १३ तास तुमच्या पहिल्या थांब्यापासून नाही, गाडी डेपोतून काढल्यापासून मोजतात. सहसा माणसं हिशोब करतात ती सात वाजल्यापासून, आणि चालक कामाला लागलेला असतो साडेसहापासून. त्याला साडेसातपर्यंत मोकळं करायचं, तर हालश्टाट साडेतीनला सोडायलाच हवं. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, एक थांबा धरून जायला तीन-सव्वातीन तास धरा. परतीला साल्झबर्गजवळच्या वाल्झरबर्ग या सीमेवरच्या नाक्यावर जर्मन पोलिसांची तपासणी असते, त्यासाठी आणखी अर्धा तास ठेवा. सकाळी सातला निघालात तर साडेदहाच्या सुमाराला पोचाल. म्हणजे गावात मिळतात पाच तास, त्याहून जास्त नाहीत.

तपासणीसाठी प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट आणि जर्मनीतलं राहण्याचं कार्ड जवळ हवं. आईवडिलांचा शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो, पण तो पासपोर्टात चिकटवलेला असतो आणि पासपोर्ट घरी कपाटात राहतो, ही नेहमीची गोष्ट. मोबाईलमधला फोटो पुरत नाही. बस सुटण्याआधी दारात उभं राहून एकेकाचा पासपोर्ट डोळ्यांनी पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हालश्टाटची वस्ती आठशेच्याही आत आहे आणि पर्यटक येतात लाखांनी. म्हणून २०२० पासून तिथे पर्यटक बसना आधी ऑनलाइन वेळ आरक्षित करावी लागते आणि किमान अडीच तास थांबावं लागतं. वेळ आरक्षित केलेली नसेल तर बसला जागा नाही. हे काम बस कंपनी करेल असं धरून चालू नका. कोण करणार ते पहिल्याच फोनवर विचारा आणि पुष्टीची प्रत स्वतःकडे घ्या. उन्हाळ्यातल्या शनिवारच्या सकाळच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा आधी वेळ मिळवा, मग मंडळात तारीख जाहीर करा. उलट केलंत तर सगळं पुन्हा ठरवावं लागतं.

रस्ता साल्झबर्ग, टालगाऊ, बाड इश्ल असाच घ्यायला सांगा. गोलिंगकडून गोसाऊवरून जाणारा रस्ता नकाशावर मोहात पाडतो, पण त्यात चढ-उतार तीव्र आहेत, आणि मुलांना बस लागते ती नेमकी तिथे.

बस थांबते गावाच्या दक्षिण टोकाला, लान भागात. तिथून तळ्याकाठच्या झेश्ट्रासे या रस्त्याने बाजारचौक चालत पंधरा मिनिटं, आजी-आजोबांसोबत पंचवीस. मिठाच्या खाणीकडे जाणारी डोंगररेल्वेही लानमधूनच सुटते. म्हणून सगळ्यांनी सगळं पाहायचं हा हट्ट सोडा. बसमध्येच दोन गट करा, प्रत्येक गटाला एक म्होरक्या.

खाणीच्या गटाला अडीच-तीन तास लागतात. वरच्या स्थानकापासून खाणीच्या तोंडापर्यंत पंधरा-वीस मिनिटांचा चढ आहे. तो ज्या दरीतून जातो, तिथेच योहान गेओर्ग रामझाउअर यांनी १८४६ पासून उत्खनन करून सुमारे हजार थडगी उजेडात आणली. युरोपातल्या आरंभीच्या लोहयुगाला हालश्टाट संस्कृती म्हणतात ते या गावावरून. हे बसमध्ये सांगू नका, तिथे उभं राहून सांगा, पायाखालची जमीन पाहत ऐकलेलं लक्षात राहतं. खाणीच्या आत तापमान बारा महिने ८ अंश असतं, तेव्हा जुलैतही स्वेटर हवा. कपड्यांवरून चढवायला जाकीट आणि पँट देतात, त्यामुळे साडी नेसून येणाऱ्यांची पंचाईत होते. आयांना आदल्या दिवशीच सलवार किंवा पँट घालायला सांगा. लाकडी घसरगुंडीवरून जायचं नसेल तर शेजारी जिना असतो. याच खाणीत इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला लाकडी जिना सापडला आहे, मिठामुळे तो कुजला नाही. चार वर्षांखालच्या मुलांना खाणीत घेत नाहीत, तेव्हा त्यांचे आईबाबा दोघेही या गटात नकोत. डोंगररेल्वे आणि खाण दुरुस्तीसाठी बंदही ठेवतात, तारीख ठरवण्याआधी तपासा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाण सोडून नुसतं वर जाऊन यावं. त्याचं तिकीट वेगळं मिळतं आणि वरच्या सज्जातून साडेतीनशे मीटर खालचं तळं दिसतं.

दुसरा गट गावात. हालश्टाट तळ्याच्या पश्चिम काठावर आहे, पाठीशी उभा डोंगर. त्यामुळे घरांवर ऊन सकाळी पडतं आणि दुपारनंतर सावली लवकर उतरते. फोटो आधी, खरेदी नंतर. फोटोची प्रसिद्ध जागा चौकाच्या पुढे, उत्तरेकडच्या अरुंद रस्त्यावर आहे. तिथे माणसं राहतात. गर्दीला कंटाळून २०२३ मध्ये गावाने तिथे काही दिवस लाकडी कुंपणच घातलं होतं. चार-चार जणांनी जावं, आवाज न करता फोटो काढून परत यावं. चोवीस जणांचा घोळका आणि "अरे इकडे बघा" अशा हाका तिथे अजिबात नकोत.

पायऱ्या चढता येत असतील तर कॅथलिक चर्चशेजारचं अस्थिघर चुकवू नका. दफनभूमी इतकी लहान की जागा पुन्हा वापरावी लागे, म्हणून काही वर्षांनी अस्थी काढून, कवट्या उन्हात वाळवून आत मांडत. सुमारे १२०० कवट्या आहेत, त्यांतल्या सहाशेहून अधिक रंगवलेल्या. कपाळावर नाव, मृत्यूचं साल, भोवती गुलाब किंवा आयव्हीची वेल. घरच्यांनी आपल्या माणसाला ओळखता यावं म्हणून केलेलं हे काम आहे, भीतीचं त्यात काही नाही. मुलांना आत नेण्याआधी तेवढं सांगा. प्रवेशाला थोडे सुटे युरो ठेवा, स्वच्छतागृहालाही लागतात.

जेवणाला दोन मार्ग. डबे आणले तर लानमध्ये तळ्यात स्नानाचं छोटं बेट आहे, मुलांना खेळायला जागा आहे, बसही जवळ. उपाहारगृहात जायचं तर २४ जणांची जागा आधी सांगावी लागते. शाकाहारी मंडळींनी सुपापासून सावध राहावं, भाज्यांचं दिसलं तरी ते बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. चीजचा गोळा घातलेलं कास्प्रेसक्नोडल सूपही तसंच. कास्नोकन किंवा केझेश्पेट्झले (दोन्ही म्हणजे चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे) मागवा आणि "ओने श्पेक" म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत असं सांगा. कैझरश्मारन या गोड पॅनकेकमध्ये अंडं असतं. रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद, तेव्हा दूध-बिस्किटं बरोबर घ्या.

माणसं हरवू नयेत म्हणून सहा जणांच्या चार तुकड्या करा. मोजणी प्रत्येकीच्या प्रमुखाने करायची आणि तुम्हाला फक्त "सहा" असं सांगायचं. एकट्याने २४ डोकी मोजताना हलणारी मुलं दोनदा मोजली जातात. भेटीची जागा बाजारचौकातला ख्रिस्ती पवित्र त्रैक्याचा खांब, तो दुरूनही ओळखू येतो. भारतातल्या सिमवर भिस्त ठेवू नका. प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात एक चिठ्ठी द्या: तुमचा नंबर, चालकाचा नंबर, "बस टर्मिनल लान, ३.१५". निघायची वेळ साडेतीन असली तरी चिठ्ठीवर सव्वातीनच लिहा. रुग्णवाहिकेचा नंबर १४४, एकच लक्षात ठेवायचा तर ११२.

कुणी साल्झबर्ग किंवा व्हिएन्नाहून रेल्वेने येऊन सामील होणार असेल, तर त्यांना सांगा की स्थानक तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे आणि गाडीला जोडून बोट सुटते. संध्याकाळी बोटी लवकर थांबतात. त्यानंतरच्या गाडीचं तिकीट हातात असलं तरी स्थानकावर पोचता येत नाही.