सिंगापूर चार दिवस: शाकाहारी आई, मासे खाणारे बाबा

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन चार दिवस येताय. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबा मासे खातात, पण त्यांना डायबेटिस आहे. आणि विचारलंय, 'सगळं जेवण लिटल इंडियातच उरकावं का?'

सतरा वर्षं इथे राहून सांगतो, उरकू नका. लिटल इंडियात मुक्काम जरूर करा. सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये (1947 पासून चालू आहे) एक दिवस दोसा खा. पण हे शहर खरं जेवतं ते हॉकर सेंटरमध्ये. रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना 1970 च्या दशकात सरकारने छपराखाली, नळाचं पाणी असलेल्या जागेत आणलं, तीच ही सेंटर्स. 2020 साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची वारसा म्हणून नोंद केली. रेस्टॉरंटमध्ये बिलावर 9 टक्के कर आणि बहुतेक ठिकाणी 10 टक्के सर्व्हिस चार्ज वेगळा चढतो. हॉकर स्टॉलवर पाटीवर लिहिलेत तेवढेच पैसे.

आधी आईंचं बघू. इथे नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी एका स्टॉलवरून तिच्यासाठी परतलेली हिरवी पालेभाजी घेतली. ताट समोर आलं आणि तिने घास न घेताच विचारलं, 'यात जवळा आहे का रे?' होताच. बलाचान म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचं वाटण, ते इथे भाजीत, चटणीत, लाक्सात (रश्श्यातल्या शेवयांत) सगळीकडे असतं. रत्नागिरीच्या बाईला वासावरून कळलं, मला सांगूनही कळलं नसतं. काया टोस्टमधल्या नारळाच्या जॅममध्येही अंडं असतं, तोही त्यांना देऊ नका.

म्हणून त्यांना चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉलवर न्या. पाटीवर 素 हे अक्षर शोधा. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी माणसंसुद्धा जेवतात. भात किंवा शेवया घ्यायच्या आणि काचेमागच्या भाज्या बोटाने दाखवायच्या. काही तुकडे हुबेहूब मटणासारखे दिसतात. ते सोया नाहीतर गव्हाच्या चिकाचे असतात. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ताट बाजूला सारतील. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच चिनी लोक शाकाहार पाळतात, तेव्हा या स्टॉलवर रांग मोठी असते.

असे बरेच स्टॉल बुगिसजवळच्या फॉर्च्यून सेंटरमध्ये आहेत. तिथून चालत वॉटरलू स्ट्रीटवर जा. क्वान यिन देवीचं देऊळ आणि आपल्या कृष्णाचं देऊळ तिथे एकाच रांगेत आहेत. देवीचं दर्शन झालं की चिनी आजी-आजोबा कृष्णाच्या दारात येऊन उदबत्ती लावतात, हात जोडतात, पुढे जातात. मी अजूनही सवड मिळाली की तिथे दहा मिनिटं उभा राहतो.

बाबांना सकाळी कोपी पाजा. दाणे साखर आणि लोणी घालून भाजतात, कापडी पिशवीतून गाळतात. चव आपल्या फिल्टर कॉफीपेक्षा जाडसर, किंचित करपूस. नुसतं 'कोपी' म्हटलंत तर गोड कंडेन्स्ड मिल्क घालून येते. त्यांच्यासाठी 'कोपी सी कोसोंग' म्हणा: सी म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध, कोसोंग म्हणजे साखर नाही. काळी हवी तर 'कोपी ओ कोसोंग', गार हवी तर शेवटी 'पेंग' जोडा. चहाला 'तेह'. आल्याचा चहा म्हणजे 'तेह हालिया', तोही कोसोंग मिळतो. स्टॉलवाल्याला 'अंकल', 'आंटी' म्हणायचं, इथली तीच रीत. बाबांनी नासी लेमाक एकदा तरी खावा: नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तळलेले छोटे सुके मासे, शेंगदाणे, तिखट सांबाल चटणी. भात मात्र निम्माच घ्यायला सांगा.

फिरण्याचं गणित उन्हावर बेतलेलं आहे. विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेसातला बोटॅनिक गार्डनमध्ये असा. 1859 ची बाग, पहाटे पाचपासून उघडी, प्रवेश फुकट. तिकीट फक्त ऑर्किडच्या विभागाला. हिरवळीवरचा तेंबुसूचा जुना वृक्ष शोधा आणि खिशातली पाच डॉलरची नोट काढून बाबांना दाखवा, नोटेवर तोच आहे. दुपारी म्युझियम किंवा झोप. संध्याकाळी 'लाउ पा सात' या हॉकर सेंटरला जा. संध्याकाळी सात वाजल्यानंतर बाजूचा रस्ता बंद करून तिथे साते (काडीला टोचलेले मांसाचे तुकडे) भाजतात. आई धुरापासून लांब बसतील असं टेबल धरा. सेंटोसा बेटासाठी एक दिवस ठेवलाय म्हणालात, मी अर्धाच ठेवला असता.

तारखा पक्क्या करण्याआधी चिनी नववर्ष कधी आहे ते बघा. त्या दोन-तीन दिवसांत बरेच चिनी स्टॉल बंद असतात, आणि आईंची सोय नेमकी त्याच स्टॉलवर आहे. इतर वेळीही सोमवारी काही बंद असतातच.

आणि हो, रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर तिथे बसू नका. जागा कुणीतरी धरून ठेवलेली आहे. त्याला इथे 'चोप' म्हणतात. तुम्हीही तेच करा, आई-बाबांना बसवा आणि मग रांगेत उभे राहा. जेवण झालं की ट्रे रॅकवर नेऊन ठेवा. 2021 पासून ते सक्तीचं आहे.