डर्बीच्या दिवशी कुंपण कुठे, दार कुठे

प्रिय मित्रा,

डर्बीच्या, म्हणजे एकाच शहरातल्या किंवा भागातल्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल संघांच्या सामन्याच्या, प्रेक्षकांची सुरक्षा यंदा तुझ्याकडे आली आहे. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना एकमेकांपासून लांब कसं ठेवायचं, असं तू विचारलंस. विचारायलाच हवं होतं, पण त्याआधी एक हिशेब करावा लागतो : प्रत्येक बाजूचे लोक किती वेळात आत येतील आणि किती वेळात बाहेर पडतील? फुटबॉलच्या मैदानांवरचे मोठे मृत्यू बहुतेक वेळा हाणामारीत झालेले नाहीत. ते बंद दारापाशी, जिन्यावर आणि कुंपणाला चिकटून झालेले आहेत.

1 ऑक्टोबर 2022 रोजी इंडोनेशियात मलंगजवळच्या कंजुरुहान मैदानावर अरेमा आणि पर्सेबाया यांची डर्बी झाली. धोका ओळखून पर्सेबायाच्या चाहत्यांना प्रवेशच दिला नव्हता. याहून कडक विलगीकरण कोणतं असणार? तरीही 135 माणसं गेली. सामना संपल्यावर यजमान संघाचेच प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या, त्यातल्या काही थेट स्टँडमध्ये पडल्या आणि माणसं धावली ती अरुंद, काही ठिकाणी नीट न उघडलेल्या दारांकडे.

म्हणून दोघांना शेजारी बसवावं असं मात्र नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे चाहते एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. मैदानातली धुसफूस स्टँडमध्ये पसरली आणि 16 जणांचा जीव गेला. तेव्हा वेगळं बसवायचंच, पण वेगळं बसवण्यासाठी जे काही उभं करशील त्यातलं काहीही कुणाच्या बाहेर पडण्याच्या वाटेत येता कामा नये.

आता टेप घेऊन मैदानावर जा. खुर्च्या मोजण्याआधी दारं आणि जिने मोज. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेची जी मार्गदर्शिका वापरतात, तिला सगळे ग्रीन गाइड म्हणतात. तिच्यातला आकडा असा : सपाट वाटेवरून रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला 82 माणसं जातात, जिन्यावरून 66. नेहमीच्या वेळी स्टँड जास्तीत जास्त 8 मिनिटांत रिकामा व्हावा. समज, पाहुण्यांच्या स्टँडला 3 मीटरचे दोन दरवाजे आहेत : 6 गुणिले 82 गुणिले 8, म्हणजे 3,936. पण त्या दरवाजांपर्यंत पोहोचायला 2 मीटर रुंदीचे दोन जिने उतरावे लागत असतील, तर 4 गुणिले 66 गुणिले 8, म्हणजे 2,112. खुर्च्या चार हजार असोत, तिकिटं 2,100च निघतील. आग लागली तर आठ मिनिटंही मिळत नाहीत. लाकडी बांधकाम असेल तर अडीच मिनिटं धरून पुन्हा गणित कर आणि जो आकडा सर्वांत लहान येईल तोच धर. तो वाढवून देण्यासाठी तुझ्यावर दबाव येईल, हेही धरून चाल. मोजमापांचा कागद सही करून वेळेत दिलेला असला, की ‘थोडी जास्त सोडू या’ म्हणणाऱ्याला त्याच कागदावर सही करावी लागते. बहुतेक जण करत नाहीत.

उभं राहून पाहण्याची जागा असेल तर चांगल्या स्थितीतल्या जागेसाठी दर 10 चौरस मीटरला 47 माणसं ही वरची मर्यादा आहे. पायऱ्या फुटलेल्या असतील, गर्दीचा लोट अडवणारे कठडे नसतील किंवा गंजलेले असतील, तर निम्म्यावर ये.

आत येण्याचा हिशेबही याच पद्धतीचा. एका टर्नस्टाइलमधून (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून) तासाला 660 माणसं ही ग्रीन गाइडची कमाल. झडती घेतली, तिकिटं स्कॅन होईनात, पिशव्या उघडून पाहिल्या, की वेग निम्म्यावर येतो. आधीच्या एखाद्या सामन्याला हातात काउंटर घेऊन तुझ्या गेटचा खरा वेग मोज. तो तासाला 300 आला तर चार गेटांतून 2,100 माणसं आत यायला पावणेदोन तास लागतील. गेट किती आधी उघडायचं ते यावरून ठरतं, सवयीवरून नव्हे. डर्बीला लोक थेंबाथेंबाने येत नाहीत. ढोल वाजवत, मिरवणुकीने, शेवटच्या अर्ध्या तासात एकदम येतात. म्हणून आठवडाभर आधी दोन्ही चाहता गटांच्या पुढाऱ्यांना वेगवेगळं भेट, मिरवणूक कुठून निघणार आणि गेटवर किती वाजता पोहोचणार ते ठरवून घे. ढोल, झेंडे, मोठे बॅनर यांचंही तेव्हाच बोलून घे. बॅनर आतून फिरवायचा असेल तर तो किती मिनिटं आणि कोणत्या दारांपासून दूर राहील, हेसुद्धा.

स्थानिक डर्बीची अडचण अशी, की ‘पाहुणे’ खरोखर पाहुणे नसतात. लांबून बसने येणाऱ्यांना थांब्यावर उतरवून थेट गेटवर नेता येतं. इथे दोन्ही बाजूंचे लोक त्याच गल्ल्यांमधून, त्याच स्टेशनवरून, कधी एकाच घरातून येतात. त्यामुळे विलगीकरण स्टँडमध्ये सुरू करून चालत नाही, अर्धा किलोमीटर आधीपासून लागतं. नकाशावर दोन रंगांनी दोन वाटा काढ. त्या एकमेकींना जिथे छेदतात, तिथे काय करायचं तेवढंच तुझं बाहेरचं काम. छेद टाळता आला नाही तर वेळ वेगळी ठेव. गेटच्या 50 ते 100 मीटर आधी तिकीट पाहणारी पहिली साखळी लाव. चुकीच्या बाजूचा किंवा बिनतिकीट माणूस तिथूनच वळला पाहिजे. तो टर्नस्टाइलपर्यंत पोहोचला तर त्याला मागच्या गर्दीतून उलटं फिरावं लागतं आणि रांग तिथेच तुंबते. परतीसाठी एक मोकळी मार्गिका कडेने ठेव.

आत आल्यावरची नेहमीची चूक म्हणजे स्टँडमध्ये दोन्ही गटांमध्ये मोकळी पट्टी उत्तम राखायची आणि स्टँडच्या मागे स्वच्छतागृह दोघांचं एकच ठेवायचं. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत सगळे तिथेच भेटतात. पाणी, खाण्याचे स्टॉल, स्वच्छतागृहं, प्रथमोपचार हे सगळं दोन्ही बाजूंना स्वतंत्र आणि पुरेसं हवं.

पट्टीतल्या खुर्च्यांवर जाळी किंवा ताडपत्री घट्ट ताण, नाहीतर दहा मिनिटांत माणसं त्यावर येऊन बसतात. दोन्ही कडांना स्वयंसेवकांची एकेक रांग लाव, तोंड प्रेक्षकांकडे, पाठ पट्टीकडे. पट्टी कितीही रुंद केलीस तरी फेकलेली बाटली ती ओलांडते. म्हणून फेकण्यासारखं काही हाताला लागूच देऊ नकोस : आदल्या दिवशी विटांचे तुकडे आणि खडी उचलून घे, सुट्या खुर्च्या काढून टाक, पेय कागदी पेल्यात ओतून द्यायला लाव. पट्टीचा दुसरा उपयोग लोक विसरतात : ती रिकामी असल्यामुळे स्ट्रेचरला आणि गुदमरलेल्यांना तीच वाट असते. तिच्या दोन्ही टोकांची दारं आतून एका हाताने उघडणारी हवीत.

‘तटस्थ’ प्रेक्षकांसाठी वेगळा विभाग ठेवायची सूचना हमखास येईल. 29 मे 1985 रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या सामन्यात लिव्हरपूल समर्थकांच्या शेजारचा झेड विभाग तटस्थांसाठी होता. त्यातली बरीच तिकिटं युव्हेंटसच्या चाहत्यांच्या हाती गेली. मध्ये होती फक्त तारेची तकलादू जाळी. ती मोडून लोक चालून आले, पळणारे भिंतीपाशी दाबले गेले, भिंत कोसळली, 39 जण मेले. तिकीट कुणाला विकलंस यापेक्षा ते शेवटी कुणाच्या हातात पोहोचलं हे खरं. तटस्थ विभाग ठेवायचाच असेल तर तो कट्टर समर्थकांच्या शेजारी न ठेवता यजमानांच्या शांत, कुटुंबांसाठीच्या विभागाला लागून ठेव.

आणि तरीही चुकीच्या बाजूला कुणीतरी असणारच. गोल झाला की ते उघडं पडतं. अशा माणसाला सगळ्यांसमोर दंड धरून ओढत नेऊ नये, त्याने आजूबाजूचे पेटतात. दोन स्वयंसेवकांनी मागच्या बाजूने जाऊन त्याला जिन्याकडे घ्यावं आणि योग्य बाजूला बसवावं. त्यासाठी दोन्हीकडे तीस-चाळीस जागा मुद्दाम राखून ठेव.

आता गेटबाहेरची गर्दी. हा भाग पुन्हा पुन्हा वाच. 15 एप्रिल 1989 रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाबाहेर दाब वाढला म्हणून एक मोठं एक्झिट गेट उघडलं. ते उघडावंच लागलं असतं. पण समोर दिसणारा बोगदा आधीच भरलेल्या मधल्या दोन कप्प्यांत जात होता आणि तो कुणीही बंद केला नाही. कडेच्या कप्प्यांत जागा होती. मैदानाच्या बाजूला उंच कुंपण होतं. 97 जण गेले. यातून घ्यायचे नियम दोन : बाहेरचं गेट उघडण्याआधी आतल्या भरलेल्या विभागाची वाट अडव आणि रिकाम्या विभागाकडे माणसं वळव. मोजणी पूर्ण स्टँडची न ठेवता प्रत्येक कप्प्याची वेगळी ठेव.

तिसरी गोष्ट, सामना उशिरा सुरू करणं. सुरुवातीला 30 मिनिटं उरली असताना बाहेर किती माणसं आहेत ते बघ आणि त्या संख्येला गेटच्या मोजलेल्या वेगाने भागून काढ. उत्तर तीस मिनिटांच्या वर गेलं तर सामना पुढे ढकल आणि ते बाहेरच्या भोंग्यावर लगेच सांग. पाच मिनिटं उरल्यावर घेतलेला हाच निर्णय निरुपयोगी असतो, कारण तोवर धक्काबुक्की सुरू झालेली असते. पंच, प्रक्षेपण आणि दोन्ही संघ यांच्याशी हे आधीच लिहून ठरव.

गर्दी वाचायला शीक. चौरस मीटरला दोन माणसं असली तर लोक आरामात चालतात. चारला पावलं आखडतात. सहा-सातला माणूस स्वतःच्या पायांवर राहत नाही, गर्दी लाटेसारखी हलते, उभ्याउभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. त्याआधी खुणा दिसतात : हात छातीपाशी आलेले, चेहरे वर उचललेले, लोक मागे वळून ओरडतायत, कुणी कठड्यावर चढतोय. गाणारा विभाग अचानक गप्प झाला तर लगेच तिकडे बघ. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. तो केवळ जागा मिळेल या आशेने पुढे सरकत असतो. म्हणून मागचे थांबव, पुढे वाट मोकळी कर. पुढच्यांना मागे रेटायला गेलास तर मधले चिरडतात.

बाहेर पडताना सर्वाधिक काळजी जिन्याची. 2 जानेवारी 1971 रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर रेंजर्स–सेल्टिक डर्बीनंतर 13 क्रमांकाच्या जिन्यावर 66 जण दगावले. शेवटच्या क्षणी गोल झाल्यामुळे लोक परत वळले आणि दोन लोंढे आदळले, अशी कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. चौकशीत मात्र सगळे एकाच दिशेने उतरत होते असं दिसलं. म्हणजे प्रतिस्पर्धी जवळपास नसताना, आनंदात घरी निघालेली गर्दीसुद्धा एका सरळ, उताराच्या जिन्यावर मरू शकते. लांब जिन्याला मध्ये कठडे घाल. कुणी पडलं तर वरचा लोंढा थांबवणारा माणूस वरच्या टोकाला आधीच उभा हवा.

सामना संपायच्या पंधरा मिनिटं आधी सगळी निर्गमन-दारं पूर्ण उघडी, प्रत्येकापाशी एक माणूस. साखळी-कुलूप कुठेही नको. फुकटे आत घुसतील ही भीती खरी असते, तिच्यावर उपाय म्हणजे दारात दोन माणसं. 11 मे 1985 रोजी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या मैदानावर लागलेल्या आगीत मागची दारं बंद होती आणि 56 जण गेले. मैदानाच्या बाजूला उंच कुंपण नव्हतं, म्हणून असंख्य लोक पुढे मैदानात उतरून वाचले.

एका गटाला थोडा वेळ थांबवून ठेवायचं असेल तर सहसा संख्येने कमी असलेला गट थांबवावा. त्यांना हे तिकिटावरच छापून सांग. पंधरा ते तीस मिनिटं, जागेवर बसलेले, जिन्यात उभे नव्हे. दिवे, पाणी, स्वच्छतागृहं चालू. दर पाच मिनिटांनी भोंग्यावर खरी माहिती. दारापाशी माणसं उभी कर, कुलूप लावू नकोस. सोडायचं ते घड्याळ बघून नव्हे, बाहेरच्या चौकातून ‘वाट मोकळी’ असा निरोप आल्यावर.

स्वयंसेवक दर 250 प्रेक्षकांमागे एक हे किमान प्रमाण आहे. डर्बीला मी 100 मागे एक धरेन, जोडीजोडीने. प्रत्येकाला त्याच्या विभागाचा क्रमांक, जवळची दोन दारं आणि वॉकीटॉकीवर कोणाशी बोलायचं हे पाठ हवं. सामना बघायला आलेला स्वयंसेवक नको. भोंग्याला बॅटरीचा पर्याय ठेव. चाहते पेटवतात त्या फ्लेअरसाठी (रंगीत ज्योतीच्या नळकांडीसाठी) प्रत्येक विभागात वाळूची बादली ठेव, पाण्याने ती लवकर विझत नाही.

पोलिसांशी लेखी ठरवायच्या गोष्टी तीन : गेट उघडायचा हुकूम कोण देणार, सामना कोण थांबवणार आणि स्टँडमध्ये अश्रुधूर वापरायचा नाही. फिफाच्या स्टेडियम सुरक्षा नियमांत मैदानावर गर्दी पांगवणाऱ्या वायूला मनाई आहे, तो नियम छापून बैठकीत समोर ठेव. 2001 साली घानाच्या अक्रा शहरात हार्ट्स ऑफ ओक आणि असांते कोटोको यांच्या सामन्यात अश्रुधूर आणि बंद दारं एकत्र आली, तेव्हा सव्वाशेच्या आसपास माणसं मेली.

दोन्ही कर्णधारांना आणि प्रशिक्षकांना सामन्याआधी दोन मिनिटं भेट. गोलनंतर प्रतिस्पर्ध्यांच्या स्टँडपुढे जाऊन हातवारे करायचे नाहीत, एवढंच सांगायचं.

सामन्यादिवशी एक जण फक्त नोंदी घेईल असं बघ : दर पंधरा मिनिटांना गेटनिहाय आकडा, स्टँड रिकामा व्हायला लागलेली मिनिटं, कुठे तुंबलं. दारं आणि जिन्यांची मोजमापं घालून नकाशा तयार झाला, की तिकिटं छापायला देण्याआधी मला पाठव. सर्वांत अरुंद जिन्याची रुंदी कठड्यांच्या आतून मोजलेली असू दे.