शाळेच्या नेपाळ मोहिमेवर मुलीला पाठवावे का?

तुमच्या मुलीच्या शाळेने दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या वर्गासाठी नेपाळची बारा दिवसांची मोहीम आखली आहे, तीत ट्रेक, संस्कृतीचा परिचय आणि एका खेड्यातील शाळेत दोन दिवसांचे सेवाकार्य आहे, आणि एवढा खर्च करून मुलीला पाठवावे का, असे तुम्ही विचारले आहे. पाठवा. मात्र ‘दिवाळीची सुट्टी’ आणि ‘सेवाकार्य’ हे दोन्ही शब्द तुमच्या प्रश्नात एकत्र वाचले आणि मला २०१७ ची दिवाळी आठवली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्या वर्षी मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि २२ मुलांबरोबर अन्नपूर्णा परिसरात गेले होते. ट्रेकविषयी माझी काहीही तक्रार नाही. उल्लेरीच्या तीन हजारांवर दगडी पायऱ्या चढताना मुलांची बडबड हळूहळू थांबते, आणि घोरेपानीचा मुक्काम करून पहाटेच्या अंधारात ३२१० मीटर उंचीच्या पून हिलवर पोचल्यावर धवलागिरीच्या माथ्यावर पहिले ऊन पडलेले दिसते, तेव्हा वली पर्वताचा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जात असल्याने आपल्या मुलांना तिथे दुभाष्याशिवाय पुष्कळ काही कळते. पोखऱ्यात ‘जिल्ला शिक्षा कार्यालय’ ही पाटी पाहून आमची मुले थबकली. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे समजल्यावर वाटेतील प्रत्येक पाटी वाचण्याचा त्यांना छंदच लागला.

माझा आक्षेप आहे तो सेवाकार्याला. घान्द्रुकहून खाली उतरताना लागणाऱ्या एका गावातील शाळेच्या व्हरांड्याची भिंत आम्हाला रंगवायची होती. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार, त्यामुळे ज्या दिवसांत आपली शाळा बंद असते त्याच दिवसांत त्यांचीही बंद असते, ही साधी गोष्ट नियोजन करणाऱ्यांपैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. ज्या मुलांना भेटायला आम्ही गेलो होतो त्यांपैकी एकही शाळेत नव्हते. शेजारच्या घरातील आजोबांनी कुलूप काढून दिले आणि ते गोवर्धनपूजेसाठी परत गेले. आमच्या मुलांनी भिंत घासली, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर हिमशिखरे, उगवता सूर्य आणि आमच्या शाळेचे बोधचिन्ह काढले.

दुसऱ्या दिवशी भाईटीका, म्हणजे आपली भाऊबीज होती. दुपारी तेथील मुख्याध्यापक आले. त्यांच्या कपाळावर बहिणीने लावलेला सात रंगांचा टीका होता आणि गळ्यात मखमली नावाच्या जांभळ्या फुलांची माळ होती. घरातला सण सोडून ते केवळ आमचे आभार मानायला आले होते. भिंतीकडे पाहून ते ‘राम्रो छ’, म्हणजे छान आहे, असे म्हणाले. थोडा वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी मला हिंदीत विचारले, की या भिंतीवरची नावे कोणी उतरवून घेतली आहेत का.

भिंतीवर फिकट निळ्या अक्षरांत एक यादी होती. ती देवनागरीत होती, मी तिच्यासमोर उभी होते, आणि तरीही मी ती वाचली नव्हती.

सुदैवाने, अहवालासाठी ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ असे दोन फोटो हवेत असे आम्ही सांगितले असल्यामुळे एका मुलीने जुन्या भिंतीचा फोटो काढला होता. तिने तो मोबाईलवर मोठा केला. ती खोली बांधण्यासाठी गावाने गोळा केलेल्या वर्गणीची ती यादी होती: एकूण ४१ नावे, पुढे कोठे ५०, कोठे १०० रुपये, आणि ज्यांच्याजवळ रोकड नव्हती त्यांच्या नावापुढे ‘ढुङ्गा १५ भारी’, म्हणजे दगडांची पंधरा ओझी. कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, वाहणारी माणसे मुलांनी पायऱ्यांवर पाहिली होती, त्यामुळे एक भारी म्हणजे किती, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्या मुलीने बोधचिन्हावर पुन्हा पांढरा रंग दिला आणि तो वाळल्यावर नावे लिहायला घेतली. मुख्याध्यापक पायरीवर बसून एकेक नाव उच्चारत होते. फोटोत जे पुसट होते ते आठवणीने सांगत होते. ‘गुरुङ’मधला ङ तिने बालवर्गानंतर प्रथमच लिहिला असेल, पहिले दोन त्यांनी हाताने पुसायला लावले. शेवटची नावे विजेरीच्या उजेडात लिहून झाली.

परत आल्यावर वार्षिक अहवालात या यादीचा फोटो छापावा, असा मी आग्रह धरला. संस्थेच्या कार्यवाहांनी बोधचिन्हाचा, आदल्या दिवशीचा फोटो निवडला आणि पालकांच्या पैशाचे काहीतरी दिसले पाहिजे, असे मला ऐकवले. मला ते तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. साहस आणि सेवा यांची सांगड शालेय शिक्षणात घालणाऱ्यांत कुर्त हान हे मोठे नाव आहे; त्यांनी १९३४ मध्ये स्कॉटलंडला स्थापन केलेल्या गॉर्डनस्टन शाळेतील मुले समुद्रकिनाऱ्यावर पहारा देत, आणि तो पहारा त्या किनाऱ्याला खरोखरच हवा होता. आमची रंगवलेली भिंत कोणालाही नको होती.

म्हणून शाळेला विचारा, की हे काम कोणी सुचवले, त्या दिवशी तेथील वर्ग भरलेले असतील का, आणि पुढच्या वर्षी शाळा त्याच गावी जाणार आहे का. उत्तरे समाधानकारक नसतील, तर सेवेचे दोन दिवस वगळून ते घान्द्रुकमध्ये मुक्कामासाठी ठेवावेत, असे पालकसभेत स्पष्ट सांगा.

अर्थात हे सर्व मी एकाच मोहिमेच्या अनुभवावरून लिहिले आहे, आणि चांगल्या प्रकारे चालणारे उपक्रमही असतीलच. खर्च योग्य आहे का, हे तुमच्या मिळकतीवर ठरेल; कर्ज काढून मात्र पाठवू नका. विम्यात उंचीवरील आजार आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, ते कागद स्वतः वाचून पाहा. मे महिन्यात गेल्यास दुपारी ढग येतात आणि शिखरे कमी दिसतात, पण वर्ग भरलेले सापडण्याची शक्यता जास्त असते. तारखा अजून बदलता येत असतील, तर तेही विचारून पाहा.