सही करायच्या आधी एकदा मागापाशी जा

बाळा,

काल फोनवर म्हणालास ना, यंत्रमागावरच्या अपघाताचा रिपोर्ट तयार आहे, कारणाच्या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिलंय, फक्त सही राहिलीय. अजून करू नको सही.

मी पण नवीन असताना हेच लिहिलं होतं. अक्कलकोट रोडला एका शेडमध्ये मागात इकडून तिकडं आडवा धागा नेणारा धोटा उडून विणकराच्या गालाला लागला आणि मी अर्ध्या तासात लिहून मोकळा झालो की लक्ष नव्हतं म्हणून. तीन महिन्यांनी त्याच मागाचा धोटा परत उडाला, तो थेट शेजारच्या मागावरच्या माणसाच्या डोळ्यात. डोळा गेला त्याचा. तो तर आपलं काम करत उभा होता रे, त्याचा कसला निष्काळजीपणा?

मग बसलो मागापाशी. धोटा का उडाला, तर धोट्याला फटका देणारा पिकिंगचा पट्टा झिजलेला, मारा नीट बसतच नव्हता. पट्टा का बदलला नाही, तर मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरनं दोनदा सांगितलं होतं पण स्टोअरमध्ये नव्हता आणि टॉवेलची ऑर्डर निघायची होती. धोटा उडू नये म्हणून लावतात तो गार्ड कुठंय, तर धागा जोडताना आड येतो म्हणून काढून भिंतीला टेकवलेला. बरं माग बंद का नाही केला, तर मजुरी मालावर, माग थांबला की पैसे थांबले. हे सगळं पहिल्या दिवशीच विचारलं असतं तर, हे अजून डोक्यातून जात नाही.

असं 'का, का' विचारत जायची पद्धत जपानच्या साकिची टोयोडांची म्हणून सांगतात. ते मागच बनवायचे, धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी केला. माणूस दमतो, मेमध्ये आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तर जास्तच, म्हणून थांबायचं काम मागाकडंच दिलं, हे मला फार पटतं.

तर आज रात्रपाळीलाच जा. झाडलोट व्हायच्या आत फोटो काढ, तुटलेला पट्टा आणि धोटा फेकू देऊ नको. जखमी माणूस तेलुगू बोलणारा असेल तर त्याच्याशी तेलुगूतच बोलणारं कुणी घेऊन जा, आणि मुकादमाला बाहेर थांबव, त्याच्यासमोर कोण खरं बोलणार? ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कायद्याप्रमाणं सरकारला कळवावं लागतं, ते राहू देऊ नको.

उपायात नुसतं 'सूचना दिल्या' लिहू नको, वाईट वाटतं वाचून. गार्ड बिजागरीवर बसवून घे म्हणजे धागा जोडताना उचलता येईल, काढावा लागणार नाही. पट्टे स्टोअरमध्ये कायम शिल्लक पाहिजेत. आणि धोका वाटून माग बंद केला तर तेवढ्या वेळाची मजुरी मिळेल, हे मालकाकडून लेखी घे. कुरकुर करतील, पण सोडू नको, खरी अडचण तिथंच आहे.

महिन्याभरानं न सांगता परत जा आणि गार्ड जागेवर आहे का बघ. रविवारी घरी ये, तो पट्टा घेऊन ये, बघू दोघं मिळून.

तुझा काका
सोलापूर