भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला ड्रिल न करता डिश कशी बसवायची?

बसवता येते, आणि नीट बसवली तर भिंतीवरच्या डिशइतकीच चालते. तुम्ही लिहिलंय की बाल्कनी आहे, डिश साधी 60 सेंटिमीटरची आहे आणि घरमालक भिंतीला, छताला किंवा गच्चीला एकही भोक पाडू देत नाही. हरकत नाही. डिशला भिंत लागतच नाही. तिला लागतं उपग्रहाच्या दिशेचं मोकळं आकाश आणि ओळंब्यात उभा, जराही न हलणारा पाइप. भिंतीतले बोल्ट जे काम करतात ते वजनाकडून किंवा घट्ट पकडीकडून करून घ्यायचं.

सामान आणायच्या आधी मात्र आकाश बघा. स्टँड उत्तम आणि समोर स्लॅब आडवा, असं फार वेळा होतं.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी स्थिर वाटतात. म्हणून उत्तर गोलार्धात बाल्कनी दक्षिणेच्या बाजूला, म्हणजे बहुधा आग्नेय ते नैर्ऋत्य या पट्ट्यात कुठेतरी उघडी हवी. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. विषुववृत्ताजवळ, उपग्रह तुमच्याच रेखांशाच्या आसपास असेल तर, तो जवळजवळ डोक्यावर येतो. मोबाइलमधल्या कुठल्याही डिश पॉइंटर ॲपमध्ये उपग्रहाचं नाव टाकलं की तीन आकडे मिळतात: दिशा, उंचीकोन (उपग्रह क्षितिजापासून किती अंश वर आहे) आणि एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवर बसणाऱ्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, कल. हे तिन्ही कागदावर लिहून ठेवा.

आता टेप घ्या. वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो का ते असं काढायचं: डिशची वरची कड आणि स्लॅबचा तळ यांच्यातलं उभं अंतर मोजा. उंचीकोन 45 अंश असेल तर डिश स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून तेवढंच अंतर आत ठेवता येते. 60 अंशाला त्या अंतराला 1.73 ने भागा, 70 अंशाला 2.75 ने. समजा डिशची वरची कड जमिनीपासून 1.2 मीटरवर आहे आणि स्लॅब 2.8 मीटरवर, तर मधे 1.6 मीटर उरतात. 60 अंशाला डिश कडेपासून जास्तीत जास्त 92 सेंटिमीटर आत चालेल, 70 अंशाला फक्त 58. यातूनही 10-15 सेंटिमीटर हातचे राखा. बाल्कनीच्या कडेला बीम खाली उतरलेला असेल तर मोजमाप स्लॅबच्या नाही, बीमच्या तळापासून घ्या. ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. मोजमाप जेमतेम बसत असेल तर डिश खाली घ्या: डिश जितकी खाली, तितकी आत सरकवता येते. पण मग कठडा आडवा येत नाही ना, तेही बघा. सळ्यांच्या कठड्यामागून सिग्नल कमी होतो आणि भरीव भिंतीमागून येतच नाही.

समोरच्या इमारतीसाठीही हाच हिशोब. 45 अंशाला ती डिशपेक्षा 20 मीटर उंच असेल तर किमान 20 मीटर लांब हवी. झाड असेल तर आजची नाही, दोन वर्षांनंतरची उंची धरा. ओली पानं सिग्नल जवळजवळ पूर्ण अडवतात. बाल्कनीत डिशसमोर कपडे वाळत घातले तरी तेच होतं, ओली चादर म्हणजे भिंतच.

मोबाइलच्या होकायंत्रावर लोखंडी रेलिंगजवळ उभं राहून विश्वास ठेवू नका, तो सहज 20-30 अंश चुकतो. रेलिंगपासून दोनतीन मीटर मागे घरात या, दिशा घ्या आणि त्या रेषेतली दूरची एक खूण, टाकी किंवा टॉवर, लक्षात ठेवा. याहून खात्रीचा उपाय सूर्य. सूर्य दिवसाच्या कोणत्या मिनिटाला तुमच्या उपग्रहाच्या दिशेला येतो ते सूर्याचं स्थान दाखवणारी ॲप सांगतात. त्या मिनिटाला उभ्या काठीची सावली ज्या रेषेत पडते, तिच्या बरोबर उलट दिशेला उपग्रह. फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात तर काही दिवस सूर्य थेट उपग्रहाच्या मागून जातो. त्या मिनिटांत डिशच्या जागेवर ऊन पडलं, तर आकाश मोकळं आहे; त्यापुढे वेगळा पुरावा नको.

आकाश मिळालं, आता पाइप उभा करू.

मी सगळ्यात आधी वजनाचा स्टँड सुचवेन. लोखंडी चौकट, मधे उभा पाइप, चौकटीवर काँक्रीटचे ब्लॉक. घर सोडताना ब्लॉक उचलले की मागे खूणही राहत नाही. किती वजन टाकायचं हा यातला खरा प्रश्न, आणि तिथे अंदाज चालत नाही. डिश स्वतः चारपाच किलोचीच असते, प्रश्न वाऱ्याचा आहे. ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला तर 60 सेंटिमीटरच्या डिशवर साधारण 17 किलोचा ढकलजोर येतो, 80 सेंटिमीटरच्या डिशवर 30 किलोचा. वाऱ्याचा वेग 140 वर गेला तर हा जोर दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

हा जोर डिशच्या मध्यावर लागतो आणि चौकटीच्या कडेवरून स्टँड उलथवू पाहतो. डिशचा मध्य 70 सेंटिमीटर उंचीवर आणि चौकट 80 बाय 80 ची असेल, तर नुसता तोल राखायलाच 30 किलो लागतात. दीडपट धरा, म्हणजे 45. चौकट 60 बाय 60 ची केली तर तोच आकडा 60 किलोवर जातो. म्हणून पाइप ठेंगणा आणि बूड रुंद. कोपरा अरुंद असेल तर वजन वाढवण्याआधी उंची कमी करून बघा. आणि हे आकडे 100 च्या वाऱ्याचे आहेत. वरचे मजले, समुद्रकिनारा किंवा वादळी भाग असेल तर दुप्पट धरा. तेवढं वजन जागेत बसत नसेल तर वजनाचा नाद सोडून कठड्याची पकड वापरा.

40 बाय 20 बाय 10 सेंटिमीटरचा भरीव काँक्रीटचा ब्लॉक साधारण 18 किलोचा भरतो. मोठ्या चौकटीला तीन, लहान चौकटीला चार. ब्लॉक घेताना हातात उचलून बघा: एएसीचे हलके ब्लॉक आकाराने तेवढेच दिसतात, वजनाला जेमतेम चौथा हिस्सा असतात. वाळूची पोती चालतात, पण प्लास्टिकचं पोतं उन्हात काही महिन्यांत फाटतं, म्हणून एकात एक अशी दोन घाला आणि वरून झाका. पाण्याचे कॅन नकोत, गळलेला कॅन वादळ येईपर्यंत लक्षात येत नाही. साठसत्तर किलो म्हणजे एका माणसाचं वजन, धडधाकट बाल्कनीला ते जड नाही. पण स्लॅबला तडे असतील किंवा सळ्या उघड्या पडल्या असतील तर तिथे काहीच ठेवू नका.

चौकटीखाली 5 मिलिमीटरची रबरी मॅट टाकाच. ओल्या गुळगुळीत टाइलवर लोखंड सरकतं, आणि डिश उलथण्याच्या आधी घसरते. मॅटमुळे टाइलवर गंजाचे डागही पडत नाहीत, जे डिपॉझिट परत घेताना महत्त्वाचं ठरतं. बाल्कनीतलं पाणी ज्या जाळीकडे वाहतं ती वाट मात्र मोकळी ठेवा.

बादलीत काँक्रीट ओतून त्यात पाइप रोवायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. 20 लिटरची बादली भरली की 46-48 किलो होते, वजन पुरेसं वाटतं. पण तिचं बूड जेमतेम 30 सेंटिमीटर रुंद, त्यामुळे त्याच ताशी 100 च्या वाऱ्यात डिशचा मध्य 40 सेंटिमीटरच्या वर गेला की ती कलंडते. करायचंच असेल तर पसरट टब घ्या: 55 सेंटिमीटर व्यास, 12 सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलेला, साधारण 65 किलो. पाइपच्या तळाशी आडवा बोल्ट घाला, नाहीतर काँक्रीटमध्ये पाइप गोल फिरतो. ओतल्यावर लगेच पाइप ओळंब्यात धरून दोऱ्यांनी ताणून बांधा आणि डिश चढवायच्या आधी सात दिवस पाणी मारा. घर बदलताना हा गोळा जिन्यावरून उतरवावा लागेल, याचा आधी विचार करा.

दुसरा रस्ता कठड्याची पकड. कठडा गोल पोलादी पाइपचा, भिंतीत घट्ट बसलेला असेल तर उत्तम. आधी वरचा पाइप दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. हलला तर विषय सोडून द्या, कारण कोणी टेकून उभं राहिलं की चित्र फुटेल. नुसत्या एका आडव्या पाइपला पकड लावू नका, वाऱ्याने डिश त्या पाइपाभोवती गोल फिरते. वरचा आणि खालचा असे दोन आडवे पाइप धरा आणि दोन पकडींत निदान 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. 8 मिलिमीटरचे यू-बोल्ट, स्प्रिंग वॉशर, आणि रंग खरवडू नये म्हणून खाली 2-3 मिलिमीटर रबर. जाड रबर घातलं तर पकड कधीच पक्की होत नाही. उभ्या सळ्यांचा कठडा असेल तर सळ्यांच्या आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन लोखंडी पट्ट्या लावून बोल्टने आवळायच्या. ॲल्युमिनियमची पातळ चौकोनी नळी आवळताना चेपते आणि काचेच्या कठड्याला तर हातही लावू नका.

डिश कठड्याच्या आतच राहू दे. बाहेर काढल्याशिवाय आकाश मिळत नसेल तर 3-4 मिलिमीटरची पोलादी दोरी डिशच्या ब्रॅकेटमधून ओवून कठड्याला वेगळी बांधा. खालून माणसं जातात. ही दोरी वजनाच्या स्टँडलाही बांधावी.

जमीन आणि छत यांच्यात ताणून बसवायचे खांबही मिळतात. दोन्हीकडे पक्का स्लॅब असेल तरच ते घ्या, फॉल्स सीलिंगखाली नाही. आणि पहिल्या आठवड्यात एकदा ताण पुन्हा तपासा.

केबल घरात न्यायलाही भोक लागत नाही. आधी एसीच्या पाइपचं किंवा जुन्या केबलचं तयार भोक शोधा. ते नसेल तर खिडकीतून जाणारी चपटी केबल वापरा: 20-30 सेंटिमीटरची पट्टी, दोन्ही टोकांना एफ कनेक्टर, म्हणजे डिशच्या केबलला लागतो तो पिळून बसवायचा जोड. ती खिडकीच्या रबरी पट्टीवरून सरळ न्या. कडी जिथे दाबते तिथून किंवा सरकत्या खिडकीच्या चाकाखालून नको. या पट्टीत थोडा सिग्नल जातो, म्हणून बाकीची केबल, म्हणजे डिशची नेहमीची गोल आरजी-6, चांगली घ्या, मधली तार निव्वळ तांब्याची असलेली. तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेत एलएनबीला जाणारा विजेचा दाब जास्त पडतो.

कनेक्टर चढवताना पांढरा थर साधारण 7 मिलिमीटर उघडा करा आणि मधली तार कनेक्टरच्या कडेच्या 2-3 मिलिमीटर बाहेर राहू द्या. जाळीचा एक केसाएवढा धागा मधल्या तारेला चिकटला तरी शॉर्ट होतो, म्हणून उजेडात धरून बघा. बाहेरच्या जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. जोडणी करताना सेटटॉप बॉक्स प्लगमधूनच काढलेला हवा.

मग दिशा लावायची. पाणसळ पाइपला काटकोनातल्या दोन बाजूंनी लावा. पाइप तिरपा असेल तर ब्रॅकेटवरचे अंश खोटे ठरतात. उंचीकोन ब्रॅकेटच्या मापावर लावा. डिश कमी वर बघतेय असं वाटेल, पण ऑफसेट डिश तशीच दिसते, कारण तिचा एलएनबी खालच्या बाजूला असतो. एलएनबीचा कल लावताना ॲपने दिलेला अंश डिशच्या समोरून धरायचा की मागून, हे नक्की वाचा. उलटा फिरवला तर चूक दुप्पट होते.

टीव्हीवर सिग्नलचा पडदा उघडा आणि स्ट्रेंथ नाही, क्वालिटी बघा. स्ट्रेंथ आकाशाकडे कुठेही तोंड केलं तरी दिसते. 60 सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम 3 अंशांचा असतो, आणि तिची कड 5 मिलिमीटर सरकली की एक अंश होतो. त्यामुळे दोनतीन मिलिमीटर सरकवा, तीन सेकंद थांबा, आकडा वाचा. क्वालिटी आली की तिथेच थांबू नका: डावीकडे जाऊन ती कुठे पडते त्याची पाइपवर खूण करा, मग उजवीकडे तसंच, आणि दोन खुणांच्या बरोबर मधे आणा. वर-खालीही हेच. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, कारण एकच बोल्ट पूर्ण पिळला तर डिश अर्धा अंश सहज उचलली जाते.

नंतर काही बिघडलं तर लक्षणावरून कारण सापडतं. अर्धेच चॅनेल गेले असतील तर बहुतेक वेळा एलएनबीला 18 व्होल्ट नीट पोचत नाहीत किंवा कल चुकलाय. आधी कनेक्टर उघडून बघा. थोड्याशा पावसात चित्र जात असेल तर डिश झोताच्या कडेवर लागलीय, किंवा जोडात पाणी शिरलंय. वाऱ्यातच फुटत असेल तर पाइप डुलतोय.

सगळं लागल्यावर पाइप आणि ब्रॅकेट या दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ पक्क्या मार्करने ओढून ठेवा. वादळानंतर रेघ तुटलेली दिसली तर डिश फिरलीय. रेघ जुळवा, आवळा. रेघ जुळलेली असूनही क्वालिटी कमी असेल तर स्टँड जागचा सरकलाय, म्हणून चौकटीच्या चारही कोपऱ्यांच्या खुणा टाइलवर खडूने करून त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि घरमालकाकडून "भोक न पाडता डिश बसवायला हरकत नाही" एवढी एक ओळ मेसेजवर का होईना, आधीच लिहून घ्या.