घरच्या शेडमध्ये ऑफ-रोड बग्गी बनवतोय, पाईप नॉचर कोणता घेऊ?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धुळ्याजवळ शेतातल्या शेडमध्ये जुन्या जिप्सीचं इंजिन-गिअरबॉक्स धरून पाईपची बग्गी उभी करताय, पाईप दीड इंची आहे, आणि गाडी अडलीये नॉचरवर (पाईपच्या टोकाला दुसऱ्या पाईपच्या गोलाईवर बसेल अशी खोबण, म्हणजे नॉच, कापायचं साधन), म्हणजे होल सॉवाला (गोल दातेरी कपानं कापणारा) घ्यावा, बेल्टवाला (घासपट्ट्यानं घासणारा) घ्यावा की सरळ ग्राइंडरनंच कापून मोकळं व्हावं. माझं मत आधीच सांगून टाकतो: होल सॉवाला घ्या, पण त्यातला सगळ्यात स्वस्त नको, आणि सगळं बजेट नॉचरवर उडवू नका, चांगले होल सॉ आणि स्लो ड्रिल यांना पैसे राखून ठेवा. मी जळगावला फॅब्रिकेशन करतो, रोजचं काम गेट, शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या हेच, पण इंजिनिअरिंगची पोरं बाहा एसएई इंडियाच्या, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी ऑफ-रोड गाडी बनवायच्या स्पर्धेच्या, फ्रेम घेऊन येतात (ती स्पर्धा पिथमपूरला होते, आपल्याकडून इंदूर रोडनं जवळच) त्यामुळे गोल पाईपला गोल पाईप बसवायचं काम बऱ्यापैकी हाताखालून जातं.

पहिलं, पाईप "दीड इंची" म्हणजे नेमका कोणता? लोहा मार्केटात दीड इंची मागितला तर बऱ्याचदा 40 एनबीचा (नॉमिनल बोअर, म्हणजे आतल्या व्यासाचं नावापुरतं माप) पाण्याचा पाईप हातात देतात, त्याचा बाहेरचा व्यास 48.3 मिमी असतो. खरी दीड इंची ट्यूब बाहेरून 38.1 मिमी. नॉचरला बाहेरच्या व्यासाशीच मतलब आहे, आणि होल सॉचं माप कापायच्या पाईपवर नाही तर तो ज्या पाईपला जाऊन टेकणार त्याच्यावर ठरतं. 38.1 ला टेकणार असेल तर 38 चा होल सॉ, 48.3 ला टेकणार असेल तर 48 चा. म्हणून आधी व्हर्नियर लावा मग खरेदीला निघा. आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप असेल तर तो पिंजऱ्यासाठी, म्हणजे बसणाऱ्याभोवतीच्या पाईपच्या सांगाड्यासाठी, नकोच, जस्ताचा धूर नाकात जाऊन रात्री थंडी-ताप भरतो ते वेगळंच, पण मुळात तो पाईप पाणी वाहायला बनलाय, गाडी उलटल्यावर डोकं वाचवायला नाही. सीडीडब्ल्यू (वेल्ड करून मग थंड ओढलेली ट्यूब) किंवा सीमलेस (बिनशिवणीची) घ्या. एफआयएच्या (मोटर स्पर्धांची जागतिक संस्था) नियमात मेन रोलबारला, म्हणजे डोक्यामागच्या मुख्य कमानीला, कोल्ड ड्रॉन सीमलेस 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 मिमी आणि बाकीच्या मेंबरना 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2 दिलेलं आहे, तुम्ही स्पर्धेत उतरणार नसलात तरी अंदाजाला ते बरं पडतं. 16 गेजचा खुर्च्या-टेबलाचा पाईप घेऊन पिंजरा करणारे मी पाहिलेत, तसलं करू नका.

आता ग्राइंडर. वीस-पंचवीसच जॉइंट असतील आणि हात बसलेला असेल तर नॉचर न घेताही भागतं, फुकटच्या टेम्प्लेट साइटवर पाईपचा व्यास, जाडी, कोन टाकला की कागद निघतो, तो पाईपला गुंडाळायचा, मार्करनं रेघ मारायची, एक मिमीच्या व्हीलनं कापायचं आणि फ्लॅप डिस्कनं पुसत पुसत बसवायचं. प्रिंट शंभर टक्के स्केलवर निघालीये का ते पट्टीनं बघा, नाहीतर सगळे नॉच थोडे थोडे चुकतात आणि कळत पण नाही का चुकतायत ते. पण बग्गीच्या फ्रेमला जॉइंट मोजायला बसलात की पन्नासच्या पुढे सहज जातात, तिथे हा धंदा खांदे मोडतो.

बेल्टवाला नॉचर बघायला झकास, कट एकदम गुळगुळीत, पण प्रत्येक व्यासाला वेगळा रोलर लागतो, चांगल्या मशीन बहुतेक थ्री-फेजवर, आणि तुमच्या शेतातली थ्री-फेज कधी दिवसा कधी रात्री येणार, मग काय रात्री दोनला पाईप घासत बसणार का? रोज एसएस रेलिंग करणाऱ्याला ते परवडतं. एंडमिलवाला (मिलिंग कटरनं कापणारा) त्याहून भारी, घरच्या कामाला उगाच. हँडल दाबून चावा घेणारा पंच टाइप मिळतो तो पातळ पाईपसाठी आहे, अडीच मिमी सीडीडब्ल्यूपुढे हात टेकतो.

तर होल सॉवाला. यात बघायचं काय, तर शाफ्ट. दुकानात होल सॉ लावायला सांगा, टोकाला धरून आडवा हलवा. झोल जाणवला तर तो नॉचर सोडा, पाईपच्या गोलाईवर दात तिरका लागतो, सॉ थरथरतो आणि एका बाजूचे चार-पाच दात पहिल्याच दिवशी उडतात. लांब बुश किंवा बेअरिंगमध्ये फिरणारा जाड शाफ्ट पाहिजे. बाकी सगळं चांगलं असून फक्त बुश ढिला असेल तर लेथवाल्याकडून गनमेटलचा बुश टर्न करून घेता येतो, हे काम आपल्याकडे कुठल्याही एमआयडीसीत होतं. दुसरं क्लॅम्प. एका बोल्टचं टोक पाईपवर दाबणारा क्लॅम्प असेल तर कट चालू असताना पाईप गोल फिरतो, व्ही-ब्लॉकवर दोन्हीकडून आवळणारा घ्या. अंशाच्या खुणांवर विश्वास ठेवू नका, शून्य आणि पंचेचाळीस गुण्या-प्रोट्रॅक्टरनं एकदा तपासून आपली खूण पंच मारून ठेवा. व्हिडिओत दिसणारे जेडी स्क्वेअर्ड, बेली वगैरे अमेरिकन नॉचर चांगलेच आहेत, पण कस्टम्स आणि कुरिअर धरून एका गाडीसाठी मला ते पटत नाही.

थ्रेड पण बघून घ्या. 32 मिमी आणि वरच्या होल सॉचा थ्रेड पाच सुताचा (5/8 इंच) असतो, त्याखालच्यांचा चार सुताचा (1/2 इंच), त्यामुळे सीटच्या फ्रेमला एक इंची पाईप लावायचा असेल तर अॅडॉप्टर लागेल. सॉ बायमेटलच घ्या, बॉश, स्टारेट वगैरे, आणि मधला पायलट ड्रिल नॉचरवर लागत नाही.

स्पीडवर लोक सगळ्यात जास्त मार खातात. 38 चा सॉ एमएसमध्ये (साध्या माइल्ड स्टीलमध्ये) सव्वादोनशे-अडीचशे आरपीएमच्या आसपास चालला पाहिजे. घरची इम्पॅक्ट ड्रिल अडीच-तीन हजारावर फिरते, ट्रिगर अर्धा दाबून चालवली तर जोर राहत नाही, पूर्ण दाबली तर दात निळे पडून मेले. पिलर ड्रिल असेल तर बेल्ट सगळ्यात खालच्या पायरीवर घालून नॉचर टेबलवर बोल्टनं आवळा, नसेल तर साइड हँडलवाली जाड स्लो ड्रिल, आणि हँडल नीट धरा, सॉ अडकला की मनगट मुरगळतं. कटिंग ऑइल टाकत राहा. कोन फार तिरका, म्हणजे पंचेचाळीसच्या पुढे असेल तर सॉची खोली कमी पडते, अर्ध्यात थांबून आतला तुकडा तोडून काढा, मग परत उतरवा.

लांबीचं गणित सोपं आहे. दोन समान पाईपांमध्ये काटकोनात आडवा मेंबर टाकायचा, सेंटर टू सेंटर 1000 मिमी, तर पाईप 1000 लाच कापा आणि सॉचा सेंटर बरोबर पाईपच्या टोकावर आणा. खोबणीच्या तळापासून तळापर्यंत 962 येतं, म्हणजे बरोबर एक व्यास कमी. टोकाचे दोन कान सुरीसारखे पातळ होतात ते थोडे घासून टाका, नाहीतर आर्क लागला की वितळून भोक पडतं. दोन्ही टोकांचे नॉच एका रेषेत यायला हवेत, त्यासाठी ईआरडब्ल्यू (लांबीत शिवण वेल्ड केलेला) पाईप असेल तर त्याची आतली शिवण धरून चालता येतं, सीमलेसला अँगलचा तुकडा पाईपवर ठेवून लांबवर स्क्राइबरनं रेघ ओढा आणि दोन्ही वेळा ती रेघ क्लॅम्पमध्ये वर ठेवा.

टाका मारायच्या आधी फटीत हॅक्सॉचं पान घालून बघा, आरामात शिरलं तर परत घासा. माझ्या शेजारचे एक जुने कारागीर आहेत, पोरं फट रॉडनं भरायला लागली की ओरडतात, "पाईप बठना नही ते वेल्डिंग काय करी भो!"

आणि हो, बग्गी शेतात, आपल्या जागेत फिरवा, रस्त्यावर काढली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्याबद्दलचं) आहे, आरटीओवाला थांबवणारच. पाईपचा बाहेरचा व्यास, जाडी आणि तुमच्याकडे ड्रिल कोणती आहे तेवढं मोजून-बघून लिहा, मग सॉ कोणते आणि किती घ्यायचे ते सांगतो.