'उदरनृत्य' लिहावं की 'रक्स शर्की'?

प्रश्न दोन आहेत: लेखात 'बेली डान्स'ला 'उदरनृत्य' म्हणावं की अरबी नावाने 'रक्स शर्की', आणि यातला 'बेली' हा अरबी 'बलदी'चा अपभ्रंश आहे, हे खरं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. इंग्रजी नाव हे फ्रेंच 'दांस द्यु व्हाँत्र'चं सरळ भाषांतर आहे, आणि 'व्हाँत्र' म्हणजे पोट. 'बलदी' आला आहे 'बलद' म्हणजे गाव, मुलूख यावरून. हैदराबादेत महापालिकेला 'बलदिया' म्हणतात ती याच घरातली. 'रक्स बलदी' म्हणजे गावाकडचा, घरगुती लग्नकार्यातला नाच. दोन्ही शब्दांत 'ब' आणि 'ल' आहेत, एवढंच साम्य.

फ्रेंच नाव रूढ झालं त्याला जाँ-लिऑन जेरोम या चित्रकाराचं १८६३ सालचं, 'आल्मा' म्हटलेल्या इजिप्तच्या नर्तकीचं चित्र बरंचसं कारणीभूत ठरलं. पुढे १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात 'कैरोची गल्ली' उभारली गेली आणि तिथला नाच पाहायला लोटलेल्या गर्दीने तेच नाव उचललं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात अशीच 'कैरोतली गल्ली' होती. करमणूक विभागाचा तरुण व्यवस्थापक सॉल ब्लूम याला इंग्रजी नावाचं श्रेय अनेकदा दिलं जातं. हा दावा तपासूनच घ्यावा. पण अर्थ कळताच नाच अश्लील असणार अशी लोकांची समजूत झाली, हे त्याचं आत्मचरित्रातलं निरीक्षण नेमकं आहे. नावानेच तिकिटं खपली. त्या नर्तकींचे कपडे मात्र अंगभर होते: घोळदार घागरा, सदरा, वर जाकीट. उघड्या पोटाचा, मण्यांनी मढवलेला दोन तुकड्यांचा पोशाख कैरोच्या नाइटक्लबांत स्थिरावला तो १९२०-३०च्या दशकांत. तिथल्या बदिया मसाबनी या नर्तकीचा क्लब १९२६चा.

'लिटल इजिप्त' हे त्या काळच्या अमेरिकेत गाजलेलं नर्तकीचं टोपणनावही कुणा एकीचं धरू नका. ते अनेकींनी लावलं. शिकागोशी फरीदा मझार स्पायरोपुलोसचं नाव जोडतात. वर्तमानपत्रांत गाजली ती १८९६च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका खासगी मेजवानीवर पोलिसांची धाड पडली तेव्हाची आशेया वाबे.

आता 'उदरनृत्य'. फ्रेंचांनी बाहेरून पाहून ठेवलेलं नाव इंग्रजीत गेलं आणि तिथून संस्कृतात. शिवाय ते नाचाचं वर्णन म्हणूनही चुकीचं आहे. मिस्री, म्हणजे इजिप्तच्या, शैलीत मुख्य काम कंबरेचं. 'शिमी' नावाची थरथर गुडघ्यांतून येते: पावलं जमिनीवर सपाट, गुडघे किंचित सैल, एक सरळ होताना दुसरा वाकतो आणि कंबर आळीपाळीने वर-खाली होते. नवशिक्या गुडघे ताठ करतात किंवा पोट आवळून धरतात. मग थरथर अडते आणि ताण पाठीच्या खालच्या भागावर येतो. खुद्द पोटाची लाट, म्हणजे वरचे आणि खालचे स्नायू क्रमाने आत-बाहेर नेणं, हा अनेकांतला एक प्रकार. तुर्कीत मात्र 'गोबेक दान्सी' म्हणतात आणि 'गोबेक' म्हणजे पोट, बेंबी. तेव्हा पोटाचं नाव फक्त पाश्चात्त्यांनीच दिलं, असंही लिहू नये.

म्हणून माझा आग्रह असा: मिस्री रंगमंचावरच्या नृत्याला 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. 'रक्स' गझलेमुळे आपल्या कानांना ओळखीचा आहे, आणि 'शर्की' ख्यालाच्या इतिहासातल्या जौनपूरच्या हुसेन शाह शर्कीमुळे. पाश्चात्त्य प्रदर्शनं, जाहिराती, आजचे क्लास यांबद्दल लिहिताना 'बेली डान्स'च ठेवा. तिथे तेच ऐतिहासिक नाव आहे. 'उदरनृत्य' सोडून द्यावं.

नर्तकींच्या नावांतही घोळ होतो. 'आल्मा'चं अनेकवचन 'अवालिम'. शब्दशः विदुषी, मूळ धातू आपल्या 'तालीम', 'मालूम'चाच. या प्रामुख्याने गायिका, श्रीमंतांच्या जनानखान्यात बोलावल्या जाणाऱ्या. रस्त्यावर, चौकात नाचणाऱ्या त्या वेगळ्या. १८३४ साली इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने कैरोत नर्तकींवर बंदी घातली, त्या दक्षिणेला इस्ना, किना इकडे गेल्या, आणि युरोपीय प्रवाशांनी तिथे भेटलेल्या सगळ्यांनाच सरसकट 'आल्मे' लिहिलं. जेरोमच्या चित्राचं शीर्षकही त्याच गोंधळातून आलं.

या रस्त्यावरच्या नर्तकींना मराठीत 'घवाझी' लिहिलेलं दिसतं, ते इंग्रजी स्पेलिंगवरून. मूळ अक्षर 'गझल' आणि 'गालिब'मधलं आहे. म्हणून एकवचन 'गाझिया', अनेकवचन 'गवाझी' लिहा, आणि त्याला पुन्हा मराठी अनेकवचनाचा प्रत्यय लावू नका.